गोळी थायरॉइडची, रिपोर्ट लिव्हरचा

थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ निघालं, की लातूरहून औशाला परतेपर्यंत घरच्यांचं निदान होऊन गेलेलं असतं. इतकी वर्षं रोज सकाळी गोळी खाल्ली, गोळीनं उष्णता केली, लिव्हर बिघडलं. जाऊबाई म्हणतात, बंदच करा ती गोळी. कुणीतरी काढ्याचं नाव सुचवतं. गोळी बंद होते, काढा सुरू होतो. यकृतावर चरबी चढायला ज्या कमतरतेचा हातभार लागलेला असू शकतो, ती कमतरता त्या दिवसापासून आणखी वाढू लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

त्या गोळीत असतं लिव्होथायरॉक्सिन. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक स्वतः बनवते, तेच हे. १९१४ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ते जनावरांच्या ग्रंथींतून वेगळं काढलं आणि १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. शरीरात कमी पडलेली वस्तू बाहेरून भरून द्यायची, एवढंच या गोळीचं काम. योग्य मात्रेत घेतली तर तिनं यकृताला इजा होणं अत्यंत दुर्मिळ. गैरसमजाला एक कारण मात्र आहे. थायरॉइड जास्त चालत असेल तर ज्या गोळ्या देतात, कार्बिमॅझोल किंवा प्रोपिलथायोयुरॅसिल, त्या क्वचित यकृताला खरोखर त्रास देतात. बोलताना दोन्हींना ‘थायरॉइडची गोळी’च म्हटलं जातं आणि एकीचं पाप दुसरीच्या माथी जातं.

हा काही दोन-चार घरांतला प्रश्न नाही. २०१३ मध्ये देशातल्या आठ शहरांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ५,३७६ प्रौढांच्या तपासण्यांत जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉइड कमी चालत असल्याचं दिसलं आणि त्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश लोकांना तपासणीपूर्वी त्याचा पत्ताच नव्हता. समुद्रकाठच्या मुंबई, गोवा, चेन्नईपेक्षा आतल्या शहरांत प्रमाण थोडं अधिक निघालं. त्या आठांपैकी औशाला सगळ्यांत जवळचं शहर हैदराबाद, म्हणजे आतलंच. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार कितीतरी जास्त. थकवा, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, केस गळणं, पाळीच्या तक्रारी ही त्याची लक्षणं. शेतात आणि घरात दिवसभर राबणाऱ्या बाईनं यातलं काहीही सांगितलं, तरी ‘कामानं होतंय’ म्हणून ते सोडून दिलं जातं.

यकृताशी या ग्रंथीचं नातं समजायला लातूरच्या माणसाला डाळमिल पुरेशी आहे. शेतातून तूर येते, पण ताटात पडते ती डाळ. थायरॉइड ग्रंथी बहुतेक सगळा माल टी-फोरच्या रूपात रक्तात सोडते. त्याच्या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात आणि प्रत्यक्ष कामाला तो फारसा उपयोगी नसतो. त्यातला नेमका एक अणू काढला की टी-थ्री होतं. पेशींना हवं असतं ते हे. शरीरातलं सुमारे ८० टक्के टी-थ्री ग्रंथीच्या बाहेर, यकृत, मूत्रपिंडं आणि स्नायू अशा ठिकाणी तयार होतं. अणू काढणाऱ्या विकराला सेलेनियम लागतं आणि यकृतात त्याचा मोठा साठा असतो. संप्रेरकाला रक्तातून वाहून नेणारी प्रथिनंही यकृतच बनवतं. थायरॉइडचा निम्मा कारभार असा बरगड्यांखाली उजवीकडे चालतो.

आणि यकृताचा कारभार टी-थ्रीवर चालतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उचलून आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राही असतात. टी-थ्री कमी पडलं की ते ग्राही घटतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारं संप्रेरक, त्याची तपासणी हाताशी नव्हती त्या काळात वाढलेलं कोलेस्टेरॉल ही थायरॉइड मंदावल्याची एक खूण म्हणून डॉक्टर वापरत. कोलेस्टेरॉलचं पित्तात रूपांतरही मंदावतं, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू नीट सैल पडत नाही आणि पित्ताशयात खडे व्हायला वाव मिळतो. चरबी जाळण्याचा वेग उतरतो. जाळायची राहिलेली चरबी कुठे तरी साठणारच. ती यकृतातही साठते.

हे झालं शास्त्र. माणसांत खरंच तसं दिसतं का? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका वस्तीतल्या नऊ हजारांहून जास्त लोकांचा सुमारे दहा वर्षं मागोवा घेतला गेला. थायरॉइड कमी असणाऱ्यांना फॅटी लिव्हर होण्याचा धोका सुमारे सव्वापट आढळला. सव्वापट म्हणजे डोंगर नव्हे. काही अभ्यासांत संबंध याहून ठळक दिसतो, काहींत जवळजवळ दिसतच नाही. थायरॉइड कमी असलेल्याचं वजनही वाढतं, साखरही डळमळते. त्यात थायरॉइडचा स्वतःचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं. त्यामुळे ‘थायरॉइड आहे, म्हणून फॅटी लिव्हर आहे’ असं सरसकट म्हणणं चूक. पण फॅटी लिव्हर निघालं आणि टीएसएच बघितलंच नाही, ही त्याहून मोठी चूक.

इथे मराठी मुलखातलं एक काम आठवायलाच हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघंही ‘नॉर्मल’. याज्ञिकांच्या पथकानं पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. वजनानं किरकोळ दिसणाऱ्या बाळांतही चरबीचं प्रमाण टिकून असतं, हे त्यातून पुढे आलं. हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलेलं, अशी माणसं मराठवाड्यात शोधायला जावं लागत नाही. ‘अंगावर मांस नाही, हिला कसलं फॅटी लिव्हर?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. अशा बाईचा थायरॉइडही मंदावला, तर आधीच यकृताकडे वळलेल्या चरबीला आणखी एक वाट मिळते.

नात्याचा सगळ्यांत ठळक पुरावा औषधांच्या दुकानातून आला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रेस्मेटिरोम या औषधाला मान्यता दिली. फॅटी लिव्हरमुळे सूज येऊन यकृतात मध्यम ते पुढच्या टप्प्याचा व्रण तयार झालेल्या रुग्णांसाठीचं हे पहिलं मान्यताप्राप्त औषध. ते यकृताच्या पेशीतल्या थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवरच काम करतं. या ग्राहीचे दोन प्रकार आहेत. हृदयात आणि हाडांत अल्फा प्रकाराचा पगडा, यकृतात बीटाचा. औषध बीटाला धरतं आणि अल्फाला शक्यतो हात लावत नाही. थायरॉइडचा फायदा यकृताला द्यायचा आणि हृदयाला धडधडवायचं नाही, अशी ही कसरत.

ती कसरत न साधता केलेला प्रयोग महागात पडला होता. अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी डेक्स्ट्रोथायरॉक्सिन देऊन पाहिलं गेलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसू लागले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. फॅटी लिव्हर किंवा वजन उतरावं म्हणून थायरॉइडची गोळी मनानंच वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. टीएसएच ठीक असताना जादा गोळी घेतली, तर भोगावं हृदयाला आणि हाडांना लागतं.

आता रिपोर्टच्या कागदाकडे. एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन आकडे वाढले की लिव्हरला सूज, असं सगळ्यांना पाठ झालंय. पण एसजीओटी हा स्नायूंतही असतो. थायरॉइड बराच कमी झाला की स्नायू दुखतात, आखडतात आणि त्यातून एसजीओटी रक्तात उतरतो. अशा वेळी सीपीके ही स्नायूंची तपासणी केली की तोही वाढलेला सापडतो. म्हणजे दुखणं मांडीत आणि उपचार यकृताचे. यकृताचा व्रण किती पुढे गेलाय याचा अंदाज घ्यायला डॉक्टर वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांतून फिब-फोर नावाचा आकडा काढतात. स्वस्त आणि सोपा. त्यातही एसजीओटी बसलेला असल्यानं स्नायूंचा गोंधळ तिथवर पोचू शकतो. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून टीएसएच न बघता स्टॅटिन सुरू केलं, तर अंगदुखीचा धोका वाढतो आणि दोष मात्र स्टॅटिनला जातो. अशा रुग्णांत आधी थायरॉइड ताळ्यावर आणला, की कोलेस्टेरॉल बरंचसं आपसूक खाली येतं.

उलटीकडूनही फसवणूक होते. कावीळ ऐन भरात असताना टी-फोर वाहून नेणारं प्रथिन रक्तात वाढतं आणि एकूण टी-फोरचा आकडा फुगतो. यकृत आक्रसलेलं असेल, म्हणजे सिरोसिस असेल, तर टी-फोरचं टी-थ्री होणंच मंदावतं आणि टी-थ्री खाली जातं, थायरॉइड ग्रंथी धडधाकट असली तरी. तालुक्याच्या गावात ‘टी-थ्री, टी-फोर, टीएसएच’ असं पॅकेज सर्रास होतं आणि त्यातले पहिले दोन बहुधा एकूण आकडे असतात. यकृताच्या रुग्णात टीएसएचसोबत फ्री टी-फोर, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं टी-फोर, बघणं जास्त भरवशाचं. माणूस दवाखान्यात गंभीर अवस्थेत पडून असताना काढलेला थायरॉइडचा रिपोर्ट तर बरं झाल्यावर पुन्हा काढावाच.

या सगळ्या नात्यात एक जागा अशी आहे, जिथे उशीर झाला तर भरपाई नाही. ती म्हणजे नवजात बाळ. पहिल्या आठवड्यात बाळ पिवळं दिसणं सर्वसाधारण. कोवळं ऊन दाखवतात, आजी धीर देते आणि बहुतेक वेळा आजीचं बरोबर निघतं. पण ज्या बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट नाही, त्याच्या यकृतात बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचा निचरा करणारं विकर उशिरा जागं होतं आणि पिवळेपणा रेंगाळतो. बाळ सुस्त असतं, दूध कमी ओढतं, रडतं घोगरं, शी घट्ट होते, बेंबीशी फुगवटा दिसतो. ‘फार गुणी बाळ आहे, रडतच नाही’ असं त्याचं कौतुकही होतं! काविळीसाठी गळ्यात माळ घालण्याची चाल अजून गेलेली नाही. हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधतात. काड्या सुकल्या की गाठी सैल पडतात, माळ लांबते आणि कावीळ उतरली असं मानतात. मोठ्या माणसाची साधी कावीळ तोवर आपोआप उतरतेही. या बाळाच्या बाबतीत मात्र ते दिवस मेंदूच्या वाढीतून वजा होतात.

मुंबईत परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच नवजात बाळांच्या रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन थायरॉइडची तपासणी सुरू केली होती. त्यांना अडीच-तीन हजार बाळांमागे एक असं प्रमाण मिळालं. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं मुंबईसह पाच केंद्रांवर एक लाखाहून जास्त बाळं तपासली, तेव्हा ते प्रमाण सुमारे ११०० बाळांमागे एक इतकं निघालं. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे; पण ऐच्छिक म्हणून. टाचेच्या एका थेंबाला ऐच्छिक ठरवणं हे धोरण म्हणून पटणारं नाही. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल इतर मुलांसारखंच शाळेत जातं. गोळी अगदी स्वस्त, पाण्याच्या किंवा आईच्या दुधाच्या थेंबात चुरडून द्यायची. बाळ चौदा दिवसांनंतरही पिवळं असेल तर टीएसएच आणि बिलिरुबिनचे दोन्ही भाग तपासायलाच हवेत. शी पांढुरकी होत असेल तर वाटच बघायची नाही. तिथे दोष पित्तनलिकेचा असू शकतो.

थायरॉइड आणि यकृत एकाच कारणानंही एकदम आजारी पडतात. १९१२ मध्ये जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर उठते. आज थायरॉइड कमी होण्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. अशी प्रतिकारशक्ती कधी कधी यकृतावर किंवा त्यातल्या बारीक पित्तनलिकांवरही उठते. पित्तनलिकांच्या आजारात चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला अंगभर खाज सुटते, पुरळ नसते. मलमं लावून वर्ष निघून जातं. थायरॉइड असलेल्या बाईला अशी खाज असेल, तर अल्कलाइन फॉस्फेटेज हा साधा आकडा बघितला पाहिजे.

कोविडच्या काळात मुंबईत दिसलेला प्रकार याच घरातला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृताला सूज घेऊन आले आणि तिथल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून प्यायलेल्या काढ्यानं ती यकृतावरच भडकवली असावी, असा त्यांचा अंदाज होता. काहींना स्वयंप्रतिकार स्वरूपाचा यकृताचा आजार आधीपासून असावा, असंही त्यांना दिसलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खात्री केलेली नाही. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. वाद काहीही असो, हाशिमोतोच्या रुग्णानं ‘इम्युनिटी’ वाढवणारा काढा आपल्या मनानं पिऊ नये, एवढं यातून निश्चित निघतं. लिव्हर साफ करायला म्हणून तर मुळीच नाही.

गोळी घेऊनही टीएसएच उतरत नाही, ही तक्रार औसा तालुक्यात ऐकू आली तर आधी स्वयंपाकघरात डोकवावं. हा सोयाबीनचा मुलूख. कुणी पिठात सोयाबीन दळतं, कुणाच्या भाजीत वड्या असतात. सोयाबीन थायरॉइडला बिघडवत नाही, पण गोळीचं शोषण अडवतं. चहाही तेच करतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तर हमखास. त्या आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. गरोदरपणात या तिन्ही गोळ्या एकाच वेळी एकाच घोटात घेणाऱ्या बायका खूप असतात, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या किमान अर्धा तास आधी, हा नियम सोपा आहे. पहाटे चहाशिवाय डोळा उघडत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते.

मिठाचंही बघावं. मे २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे आणि ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दशलक्षाला किमान १५ भाग आयोडीन असायला हवं. उपवासाचं सैंधव यात सहसा येत नाही. एकादशीला, नवरात्रात ते खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने तेच वापरणाऱ्या घरात, विशेषतः गरोदर बाई असेल तर, ते बदलावं. हाशिमोतो झालेल्यानं मात्र आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या घेण्याच्या फंदात पडू नये. जास्त आयोडीन तिथे उलटही पडतं.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेला विलासराव देशमुखांचं नाव आहे. १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांचं यकृत आणि मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्यांच्या आजाराचा थायरॉइडशी काही संबंध जोडायचं कारण नाही. पण यकृत बिघडलं म्हटलं की या जिल्ह्यात आठवण तिथेच जाते आणि ग्रेड वनचा कागद हातात आलेला माणूस हबकतो. ग्रेड वन म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत थोडं उजळ दिसलं, एवढंच. तिथून मागे फिरता येतं. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर यकृतातली सूजसुद्धा ओसरते. किरकोळ अंगाच्या माणसात त्याहून कमी उतरलं तरी फरक पडतो.

तेव्हा फॅटी लिव्हरचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्यानं टीएसएच झालंय का, एवढं विचारावं. थायरॉइड असलेल्यानं साखर, कोलेस्टेरॉल आणि एसजीपीटी वर्षातून एकदा बघून घ्यावं. गोळीची मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच पुन्हा काढावं. टी-फोर रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांत काढलेला रिपोर्ट फसवतो. आणि लिव्हरच्या भीतीनं गोळी बंद केली असेल, तर ती बंद आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं.